शिकल्याची नोंद कोण ठेवतं?

१९८०च्या दशकात एखाद्या विमान कंपनीच्या ताफ्यात निरनिराळ्या उत्पादकांची विमानं असली, की तिच्या प्रशिक्षण केंद्रात संगणकही निरनिराळे मांडावे लागत. वैमानिकांसाठी आणि देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी संगणकावरचे धडे तयार होऊ लागले होते, पण एका उत्पादकाचा धडा दुसऱ्याच्या यंत्रावर चालत नसे. धड्यागणिक यंत्र आणि यंत्रागणिक खर्च! या कटकटीतून सुटण्यासाठी १९८८ मध्ये विमान उद्योगानं एक समिती स्थापन केली. तिचं लघुनाव एआयसीसी. सुरुवातीला या समितीनं यंत्रं कशी असावीत एवढंच सुचवलं. १९९३ मध्ये मात्र तिनं जास्त मूलभूत प्रश्न हातात घेतला. धडा आणि त्याची नोंद ठेवणारी व्यवस्था यांनी एकमेकांशी कुठल्या शब्दांत बोलायचं?

आज बँकेतल्या सायबर सुरक्षेच्या प्रशिक्षणापासून आयटी कंपन्यांतल्या दरवर्षीच्या ‘पॉश’ प्रशिक्षणापर्यंत जे जे आपण पडद्यावर ‘पूर्ण’ करतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टींच्या मुळाशी या प्रश्नाला तेव्हा मिळालेलं उत्तर आहे. ते शिकणाऱ्याला कधी दिसत नाही. पण आपल्याबद्दल काय लक्षात ठेवायचं, काय विसरायचं आणि कशाला ‘शिकलं’ म्हणायचं, हे बऱ्याच अंशी तिथं ठरतं. म्हणून धडा आणि व्यवस्था यांच्यातला हा संवाद ठरवून देणारी मानकं फक्त संगणकवाल्यांची बाब आहे असं मला वाटत नाही. शिक्षकांनी, प्रशिक्षण अधिकाऱ्यांनी आणि अभ्यासक्रम विकत घेणाऱ्या प्रत्येक संस्थेनं ती समजून घ्यायला हवीत.

आधी एक फरक लक्षात घेऊ. ऑनलाइन अभ्यासक्रमात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे खुद्द धडा: चित्रं, आवाज, मजकूर, प्रश्न. दुसरी म्हणजे तो धडा कुणाला दाखवायचा, कोण कुठपर्यंत आलं आणि किती गुण पडले हे सांभाळणारी व्यवस्था. तिला एलएमएस म्हणतात. आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत असलेलं ‘मूडल’ हे तिचं ओळखीचं उदाहरण. धडा एकानं बनवायचा, व्यवस्था दुसऱ्यानं चालवायची आणि दोघांची कधी भेटही झालेली नसायची. तरी धडा व्यवस्थेत टाकल्याबरोबर चालला पाहिजे, हे मानकाचं काम.

विमान उद्योगाच्या त्या कामाला मोठं रूप आलं ते अमेरिकी लष्करामुळे. संरक्षण खात्याचा प्रशिक्षणावरचा खर्च प्रचंड होता. एकाच विषयाचे धडे वेगवेगळ्या दलांत पुन्हा पुन्हा बनत होते आणि व्यवस्था बदलली की जुने धडे निकामी होत होते. १९९७ मध्ये संरक्षण खातं आणि व्हाइट हाउसचं विज्ञान-तंत्रज्ञान कार्यालय यांनी मिळून एडीएल नावाचा उपक्रम सुरू केला. जानेवारी १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं त्याला बळ मिळालं. त्यातून २००० साली ‘स्कॉर्म’ या मानकाची पहिली आवृत्ती निघाली. स्कॉर्मकारांनी शहाणपणाची गोष्ट केली: सगळं नव्यानं शोधून न काढता एआयसीसीकडून संवादाची पद्धत घेतली, आयएमएस या संस्थेकडून धडे बांधून देण्याची पद्धत घेतली आणि या तुकड्यांची सांगड घातली. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेली १.२ ही आवृत्ती इतकी रुजली, की आजही नवे धडे तिच्यात तयार होतात. संगणकाच्या जगात एवढं आयुष्य फार थोड्या गोष्टींना लाभतं.

स्कॉर्मचा धडा म्हणजे बाहेरून पाहिलं तर एक साधी झिप फाइल. आत वेबपानं, चित्रं, ध्वनिफिती असतात आणि सगळ्यांत वरच्या पातळीवर ‘आयएमएस मॅनिफेस्ट’ नावाची एक फाइल असते. अभ्यासक्रमाचं नाव काय, त्याचे भाग कोणते, कुठलं पान आधी उघडायचं हे तिच्यात लिहिलेलं असतं. ही फाइल एखाद्या पोटफोल्डरमध्ये गेली तर व्यवस्था सगळा धडाच नाकारते. ‘अपलोड होत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच कारण असतं. कुणीतरी झिप उघडून पाहिलेली असते आणि पुन्हा बांधताना बाहेरच्या फोल्डरसकट बांधलेली असते.

धडा सुरू झाला की तो ब्राउझरमध्ये आपल्या बाहेरच्या खिडक्यांत ‘एपीआय’ नावाची एक वस्तू शोधतो. ती व्यवस्थेनं तिथं ठेवलेली असते. सापडली की धडा तिला सांगतो, ‘मी सुरू झालो’. मग मधूनमधून काही मूल्यं लिहितो, काही वाचतो, आणि शेवटी सांगतो, ‘मी संपलो’. या संवादासाठी १.२ मध्ये अवघ्या आठ आज्ञा आहेत. त्यातल्या सुरू झालो आणि संपलो या दोनच धड्यानं पाठवल्या, तरी तो मानकात बसतो. बाकी सगळं ऐच्छिक.

हे सोपेपण स्कॉर्मची ताकद आहे, आणि अडचणीही त्यातूनच येतात.

धड्याच्या स्थितीसाठी १.२ मध्ये एकच रकाना आहे. त्यात सहापैकी एक शब्द बसतो: उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, चाळलेला, न उघडलेला. आता कुणी सगळा धडा मन लावून पाहिला, पण शेवटच्या चाचणीत दोन गुण कमी पडले, तर काय लिहायचं? ‘अनुत्तीर्ण’ लिहिलं तर पूर्ण पाहिल्याची नोंद पुसली जाते. ‘पूर्ण’ लिहिलं तर नापास झाल्याची खूण राहत नाही. २००४ च्या आवृत्तीत हे दोन रकाने वेगळे झाले: धडा संपवला का, आणि त्यात यश मिळालं का. पण त्याच आवृत्तीत कुठल्या भागानंतर कुठला भाग उघडायचा याचे नियम इतके गुंतागुंतीचे झाले, की अनेक व्यवस्थांनी ते पूर्णपणे राबवलेच नाहीत. मूडलसुद्धा अधिकृतपणे १.२ सांभाळतं, २००४ पूर्णपणे नाही. परिणामी सुधारलेलं मानक हाताशी असूनही लोक जुन्याकडेच राहिले.

‘पूर्ण’ म्हणजे काय, हे मानक सांगत नाही. ते धडा सांगतो. धडा बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक सेटिंग असते: सगळ्या स्लाइड उघडल्या की पूर्ण, किंवा चाचणीत अमुक टक्के मिळाले की पूर्ण. बनवणाऱ्यानं ती बदलली नाही, तर सॉफ्टवेअरनं आधीच ठरवलेली पद्धत चालू राहते. वेळेचंही तसंच. किती वेळ धडा चालला हे धडाच व्यवस्थेला कळवतो. पान उघडं ठेवून माणूस जेवायला गेला, तरी तो वेळ नोंदला जातो. ‘८७ टक्के कर्मचाऱ्यांनी प्रशिक्षण पूर्ण केलं’ असा एखादा अहवाल समोर आला, की पहिला प्रश्न हाच विचारावा: पूर्ण होण्याची अट कुणी, कुठे आणि काय ठेवली आहे? अहवाल वाचणाऱ्याला बहुतेक वेळा याचा पत्ता नसतो, आणि त्या आकड्यावर निर्णय मात्र होतात.

दुसरी बाब याहून कमी लोकांना ठाऊक असते. कुठल्या प्रश्नाला शिकणाऱ्यानं काय उत्तर दिलं, हे नोंदवण्याची सोय १.२ मध्ये आहे, पण व्यवस्थेवर ती पाळण्याचं बंधन नाही. म्हणजे दोन एलएमएस दोन्ही ‘स्कॉर्म-सुसंगत’ असतील. एक प्रत्येक उत्तर जपून ठेवेल, तर दुसरी फक्त एकूण गुण. शिक्षकाच्या दृष्टीनं हा फरक फार मोठा आहे. ७० गुण मिळाले यावरून पुढच्या तासाला काय शिकवायचं ते ठरत नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांनी तिसऱ्या प्रश्नाला एकच चुकीचं उत्तर दिलं हे कळलं, तर ठरतं.

मराठीत धडे बनवणाऱ्यांना भेडसावणारी एक खास अडचण आहे. शिकणारा मध्येच उठला तर परत आल्यावर तिथूनच सुरू करता यावं, म्हणून धडा आपली अवस्था एका रकान्यात साठवतो. १.२ मध्ये त्या रकान्याची मर्यादा ४,०९६ वर्णांची आहे. २००४च्या तिसऱ्या आवृत्तीत ती ६४,००० झाली. शिकणाऱ्यानं लिहिलेली उत्तरंही पुष्कळदा याच जागेत कोंबली जातात. आता ‘विद्यार्थी’ हा शब्द घ्या. वाचताना आपल्याला तीन अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये मात्र व, ऱ्हस्व वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दीर्घ वेलांटी असे दहा संकेत लागतात. व्यवस्था बाइटमध्ये मोजत असेल, तर यूटीएफ-८ मध्ये त्यांचे तीस होतात. आणि धड्यानं सुरक्षिततेसाठी मजकूर टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात बदलून पाठवला, तर एका शब्दाला नव्वद वर्ण लागतात. अशा पंचेचाळीस शब्दांत ४,०९६ ची जागा संपते. इंग्रजीत चाचणी केलेला धडा मराठीत आणल्यावर अचानक ‘जिथं सोडलं तिथून’ सुरू होईनासा होतो, त्याचं हे एक कारण. आपल्या भाषेत लिहून उत्तर देण्याची संधी त्यापायी काढून टाकली जाते आणि सगळे प्रश्न बहुपर्यायी होतात, हे मला फार खटकतं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात केलेल्या मराठी धड्यांची गत तर आणखी वाईट. झिप नव्या व्यवस्थेत व्यवस्थित चालते, गुणही नोंदले जातात, फक्त मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हं दिसतात. मानक डबा नीट पोचवतं. आतला मजकूर वाचता येतो का, याची हमी ते देत नाही.

मोबाइलचा प्रश्नही आपल्याकडे तीव्र आहे. स्कॉर्मची घडण झाली ती कचेरीतल्या टेबलावरचा संगणक आणि न तुटणारं नेटवर्क गृहीत धरून. अनेक धडे शेवटची नोंद पाठवत ती खिडकी बंद होण्याच्या क्षणी. नोंद पोचेपर्यंत ब्राउझरला थांबवून धरण्याची युक्ती त्यासाठी वापरत. २०२० च्या सुरुवातीला क्रोमच्या ८०व्या आवृत्तीनं ही युक्ती बंद केली, कारण तिच्यामुळे पानं अडकून पडत. ज्या व्यवस्था वेळीच सुधारल्या नाहीत, तिथं लोक धडा संपवत राहिले आणि नोंदी ‘अपूर्ण’च राहू लागल्या. त्याच वर्षी टाळेबंदीत सगळं शिक्षण पडद्यावर आलं. फोनवर तर खिडकी ‘बंद’ होतच नाही. माणूस दुसऱ्या अॅपमध्ये जातो आणि धडा मागच्या मागे मारला जातो. आडगावातल्या आरोग्यसेविकेनं बसची वाट बघत धडा पूर्ण केला आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क गेलं, तर तिचं शिकणं कुठेच नोंदलं जात नाही. मग तिला पुन्हा तेच करायला सांगितलं जातं. ‘लोक मन लावून शिकत नाहीत’ असं म्हणण्याआधी ही शक्यता तपासायला हवी.

स्कॉर्ममधला सगळा संवाद शिकणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये होतो, त्यामुळे थोडीफार तांत्रिक माहिती असलेला माणूस धडा न पाहताच स्वतःला उत्तीर्ण नोंदवू शकतो. हे गुपित नाही. मानकाच्या रचनेतच ते आहे. ज्या प्रशिक्षणावर कुणाचा जीव अवलंबून आहे, उदाहरणार्थ आग लागल्यावर काय करायचं किंवा औषधाची मात्रा कशी मोजायची, तिथं केवळ अशा नोंदीवर विसंबू नये. प्रत्यक्ष करून दाखवण्याची परीक्षा हवीच.

या मर्यादा लक्षात घेऊन २०१० मध्ये एडीएलनं रुस्तिसी सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीला नव्या मार्गाचा शोध घेण्याचं काम दिलं. ‘टिन कॅन’ या नावानं चाललेल्या त्या कामातून एप्रिल २०१३ मध्ये एक्सएपीआय हे मानक आलं. त्याची कल्पना मला मनापासून आवडते, कारण ती रकान्यांऐवजी वाक्यांवर उभी आहे. कोणी, काय केलं, कशाच्या बाबतीत: कर्ता, क्रियापद, कर्म. ‘सुनीतानं रक्तदाब मोजण्याचं सराव-सत्र पूर्ण केलं.’ सोबत केव्हा, कुठल्या संदर्भात आणि निकाल काय, हेही जोडता येतं. ही विधानं एलआरएस नावाच्या नोंदकोठारात जातात. तिथं पाठवणारा ब्राउझरमधला धडाच असला पाहिजे असं नाही. मोबाइल अॅप, प्रयोगशाळेतलं यंत्र, विमानाचं सिम्युलेटर, कुणीही पाठवू शकतं. घटना केव्हा घडली आणि नोंद कोठारात केव्हा पोचली, या दोन वेळा वेगळ्या ठेवल्या जातात. त्यामुळे नेटवर्क नसताना अॅपनं विधानं साठवून ठेवली आणि संध्याकाळी पाठवली, तरी काही बिघडत नाही. एकदा नोंदलेलं विधान बदलता येत नाही. चुकलं असेल तर ते रद्द करणारं दुसरं विधान लिहावं लागतं. क्रियापदाचं दिसणारं रूप हवं त्या भाषेत देता येतं, मराठीतही. २०२३ मध्ये आयईईई या संस्थेनं एक्सएपीआय आपलं मानक म्हणून स्वीकारलं.

मोकळीक मिळाली की नवी अडचण येतेच. क्रियापदं कुणीही ठरवू शकत असल्यामुळे एकाच्या धड्यात ‘पूर्ण केलं’ येतं, दुसऱ्याच्या धड्यात ‘संपवलं’, आणि दोन्हींची बेरीज करायला बसलं की काही जुळत नाही. म्हणून २०१६ मध्ये सीएमआय-फाइव्ह आलं. हे एक्सएपीआयवरच उभं आहे, पण एलएमएसमधून धडा सुरू करण्याची शिस्त त्यात बांधून दिली आहे आणि त्यासाठी नऊ क्रियापदं ठरवून दिली आहेत. त्याची सुरुवात एआयसीसीतच झाली होती. २०१४ च्या अखेरीस ती समिती विसर्जित झाली आणि काम एडीएलकडे आलं. सीएमआय-फाइव्हमधली एक तरतूद मला विशेष महत्त्वाची वाटते: एखादा भाग पार झाला असं केव्हा मानायचं, याची अट अभ्यासक्रमाच्या रचनेच्या फाइलमध्ये उघड लिहिता येते. पूर्ण केल्यावर, उत्तीर्ण झाल्यावर, दोन्ही झाल्यावर की दोन्हींपैकी एक झाल्यावर, हे कुणीही उघडून वाचू शकतं.

याच्याशेजारी एलटीआय नावाचं आणखी एक मानक आहे. त्यात धडा एलएमएसमध्ये आणलाच जात नाही. तो आपल्या मूळ सर्व्हरवर राहतो, एलएमएस शिकणाऱ्याला सहीशिक्क्यानिशी तिकडे पाठवते आणि गुण परत येतात. विद्यापीठांत याचा वापर जास्त होतो.

आपल्या शाळांतल्या मुलांशी या सगळ्याचा संबंध येतो तो ‘दीक्षा’तून. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेली ही व्यवस्था ‘सनबर्ड’ या मुक्तस्रोत पायावर उभी आहे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड फोनवर स्कॅन केला की संबंधित व्हिडिओ किंवा प्रश्नसंच उघडतो. नोंदी ठेवण्यासाठी सनबर्डची स्वतःची पद्धत आहे. सुरू झालं, पान पाहिलं, कुठं बोट लावलं, उत्तर दिलं, संपलं, अशा लहान घटनांच्या मालिकेतून ती चित्र उभं करते. घटना फोनमध्ये साठून नंतरही जाऊ शकतात, त्यामुळे आपल्याकडच्या नेटवर्कला ही पद्धत स्कॉर्मपेक्षा जास्त मानवते.

पण जितकी नोंद बारीक, तितकी जबाबदारी मोठी. स्कॉर्म फार थोडं लक्षात ठेवतं, म्हणून त्यात मुलाबद्दल उघड होण्यासारखंही थोडंच असतं. घटनांच्या मालिकेतून मात्र एखादं मूल रात्री किती वाजता अभ्यास करतं, कुठल्या प्रश्नावर अडखळतं, किती वेळा सोडून देतं, हे सगळं दिसू शकतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलांचा माग ठेवण्यावर आणि त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यावर बंदीची तरतूद केली आहे. मात्र ठरावीक संस्थांना व कामांना सूट देण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला आहे. सूट मिळते म्हणून सगळं गोळा करावं, असा याचा अर्थ शाळांनी घेऊ नये. शिक्षकाला उद्याच्या तासासाठी जे उपयोगी नाही, ते साठवायचं कशाला?

संस्था अभ्यासक्रम बनवून घेतात तेव्हा निविदेत ‘स्कॉर्म-सुसंगत असावा’ एवढं वाक्य असतं. ते पुरेसं नाही. आवृत्ती कोणती, पूर्ण होण्याची अट काय, प्रश्नवार उत्तरं साठतात का, मराठी मजकूर युनिकोडमध्ये आहे का, हे लिहून घ्यायला हवं. झिपबरोबर धड्याची मूळ संपादनयोग्य फाइलही मागायला हवी. ती नसली, तर पुढच्या वर्षी एक आकडा बदलण्यासाठीसुद्धा त्याच पुरवठादाराकडे जावं लागतं. व्यवस्था घेताना, करार संपल्यावर आपल्या लोकांच्या नोंदी कुठल्या रूपात परत मिळतील, हे आधीच विचारावं.

आणि पैसे देण्याआधी धडा स्वतः चालवून पाहावा, पुरवठादाराच्या यंत्रणेवर नव्हे, तर दुसऱ्या एखाद्या एलएमएसवर. मूडल फुकट आहे, ते त्यासाठी पुरतं. साध्या फोनवर धडा उघडायचा, अर्ध्यावर नेऊन डेटा बंद करायचा, दुसऱ्या अॅपमध्ये जायचं. थोड्या वेळानं परत येऊन धडा कुठून सुरू होतो ते पाहायचं. एका प्रश्नाचं उत्तर मराठीत चार-पाच ओळी भरून लिहायचं. चाचणीत मुद्दाम नापास व्हायचं. मग शिक्षकाच्या खात्यातून अहवाल उघडायचा आणि यातलं काय काय तिथं पोचलं आहे, ते ओळीओळीनं तपासायचं.